अंगठा देण्याआधी

(कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, पण माइकसमोर उभं राहायची वेळ कधी आली नाही. पन्नास पोरांचा कालवा दाबायला जो आवाज लागतो, तो आपोआप तयार होतो. तेव्हा मागे कुणाला ऐकू येत नसेल तर हात वर करा, आणि पुढच्यांच्या कानठळ्या बसत असतील तरी हात वर करा.

मला सांगितलं होतं, निवडणूक लढवलेल्या बाईचा अनुभव सांगा. माझ्या आधी ज्या बोलल्या त्यांतल्या दोघी सरपंच होत्या, एक पंचायत समितीच्या सभापती. त्यांच्यापुढे माझी निवडणूक फारच किरकोळ. आमच्या गावच्या शाळा व्यवस्थापन समितीची. तिला ना चिन्ह, ना यंत्र, ना बोटाला शाई. शाळेच्या पटांगणात पालकसभा भरते, नाव पुकारतात, हात वर करायचे. अर्ध्या तासात आटोपते. पण एक सांगते, ग्रामपंचायतीला मत देताना बाई निदान घडीभर आडोशाला एकटी असते. इथं हात वर करताना सासू बघते, दीर बघतो, ज्याच्याकडून उचल घेतलीय तो मुकादमही बघतो.

आपल्या चळवळीत राखीव जागांवर खूप बोलणं झालं आहे. १९९० साली महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमध्ये बायकांना तीस टक्के जागा आल्या, मग १९९३ पासून ७३ वी घटनादुरुस्ती आली, २०११ मध्ये निम्म्या जागा झाल्या. सरपंचबाईच्या खुर्चीत नवरा बसतो यावर आपण शिबिरं घेतली, पथनाट्यं केली. पण शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला, आणि त्यानं गावच्या प्रत्येक सरकारी शाळेत एक समिती आणली. तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बायका हव्यातच, याकडे आपलं फारसं लक्ष गेलं नाही. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या शाळा साठ हजारांच्या आसपास आहेत. शाळेमागे सहा बायका धरल्या तरी साडेतीन लाखांच्या वर होतात. ग्रामपंचायतीतल्या सगळ्या बाई-सदस्यांहून हा आकडा कितीतरी मोठा. या साडेतीन लाख बाया आहेत कुठे?

कुठे आहेत ते मला माहीत आहे, कारण त्यांतल्या काही मी स्वतः केल्या आहेत.

२००९ ते २०१४ मी माझ्या सासरच्याच गावी मुख्याध्यापिका होते. कायदा आला, वरून निरोप आला, अमुक तारखेच्या आत समिती करून यादी पाठवा. मी एका दुपारी समिती केली. पुरुषांची नावं सरपंचांनी सांगितली. निम्म्या बायका भरायच्या म्हणून मी हजेरीपट उघडला, मुलांच्या नावांपुढून आयांची नावं उतरवली, आणि वही शिपायामामांच्या हाती देऊन घरोघर पाठवली. तांड्यावर मी स्वतः गेले होते. "बाई, कशाला अंगठा?" असं एकीनं विचारलं. मी म्हणाले, "शाळेचं आहे, द्या." तिनं दिला. शाळेचं आहे म्हटल्यावर कोण नाही म्हणतं? त्यातल्या एका बाईला आपण समितीवर आहोत हे दोन वर्षांनी कळलं, तेही मुदत संपल्यावर. मी पैसा खाल्ला नाही, कुणाचं वाईट केलं नाही, असंच मी स्वतःला सांगत आले. महिन्याला एक बैठक, तिचं इतिवृत्त मी रविवारी घरी बसून सुवाच्य अक्षरात लिहायची. तपासणीला आलेल्या साहेबांनी माझं दप्तर इतर शाळांना दाखवायला नेलं होतं.

आता थोडं आमच्याकडचं सांगायला हवं, कारण कोकणातल्या आणि मुंबईच्या मैत्रिणी इथं आहेत. आमचा भाग मराठवाड्यातला, ऊसतोडीला जाणारा. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल दोघांच्या नावावर मिळून. बाई मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडीत चढवते, पण पैसे मोजून घेतो नवरा. दिवाळी झाली की टोळ्या निघतात, त्या गुढीपाडव्याच्या पुढेमागे परततात. २०१९ साली पिशवी काढलेल्या बायकांच्या बातम्यांनी आमचा जिल्हा देशभर गाजला, तेव्हा तुमच्यापैकी काहीजणी येऊनही गेल्या. मी आज पोरांचं बोलते. पोरं बरोबर गेली की शाळा सुटते. पोरी गेल्या की फडावर धाकट्यांना सांभाळतात, कोपीवर स्वयंपाक करतात, आणि अंगात आल्या की आईबापाला त्यांची धास्ती, मग लग्न. म्हणून हंगामी वसतिगृह निघालं. मूल गावातच आजी-आजोबांजवळ राहायचं, दोन वेळचं जेवण शाळेत. आणि हे वसतिगृह चालवायचं कुणी, तर शाळा व्यवस्थापन समितीनं.

इथं गंमत बघा. समितीत पालक तीन चतुर्थांश. समिती निवडायची पावसाळ्यात, आईबाप गावात असताना. आणि वसतिगृह चालतं ते नेमकं ते सहा महिने, जेव्हा समितीतले निम्मेअधिक आईबाप पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडात असतात. मग बैठकीला कोण असतं? सही कुणाची असते? याचं उत्तर मला मुख्याध्यापिका म्हणून ठाऊक होतं. जाण्याआधीच सह्या घेऊन ठेवतात.

मी २०१९ मध्ये निवृत्त झाले. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत माझी धाकटी जाऊ गेली. तिचा मुलगा आणि सून तोडीला जातात. त्यांची मुलगी, चौथीतली, माझ्याजवळ राहायला आली. मला मोठी आजी म्हणते. त्या हिवाळ्यात ती शाळेतून जेवून आली तरी घरी भाकरी मागायची. मी विचारलं तर म्हणाली, "भात होता, पण मागच्यांना पुरला नाही." बाईचा हाड शिक्षकाचा, तिला म्हटलं, उद्या मोजून ये. पोरीनं मोजलं. रांगेत चौतीस. यादीत किती ते मी जुन्या ओळखीवर विचारलं, तर एकसष्ट.

मी ते वहीत लिहून ठेवलं आणि गप्प बसले. हे मुद्दाम सांगते. जानेवारीत जेवण पंधरा दिवस बंदच झालं. सहावीत एक मुलगी होती, गणितात हुशार, आजीजवळ राहायची. आजी आजारी, घरात धान्य नाही, शाळेत जेवण नाही. तिच्या चुलत्यानं तिला नेऊन फडावर आईबापाजवळ सोडलं. मे महिन्यात तिचं लग्न झाल्याचं कळलं, दुसऱ्या तालुक्यात उरकलेलं. ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतो हे मला पाठ होतं, मी मुलांना शिकवलेलं होतं. कळलं तेव्हा हळद निघालेली होती. ती चौतीस आणि एकसष्टची वही माझ्या कपाटात होती.

तर जून २०२२ मध्ये मी ठरवलं, समितीवर जायचं, आणि अध्यक्ष व्हायचं. पैशाच्या कागदावर मुख्याध्यापकाच्या जोडीला अध्यक्षाची सही लागते, म्हणून अध्यक्ष.

घरातून पहिला विरोध. आमचे हे म्हणाले, "पेन्शन येते, गुडघे दुखतात, कशाला गावाशी वैर?" मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, तू बाहेरून सल्ला दे ना." बाहेरून सल्ला देणाऱ्या माणसांनी आपला देश भरलेला आहे.

दुसरा अडथळा कायद्याचा होता. मुख्याध्यापक, आमच्यानंतरच्या पिढीतले, बोलायला फार नम्र, म्हणाले, "बाई, अध्यक्ष पालकांतूनच होतो. तुम्ही मुलीची आई नाही." तुम्हाला सन्मानानं शिक्षणतज्ज्ञ म्हणून घेतो, असंही म्हणाले. समितीत स्थानिक शिक्षणतज्ज्ञाची एक जागा असते. त्या जागेवरून बोलता येतं, अध्यक्ष होता येत नाही. शाल, नारळ आणि कोपऱ्यातली खुर्ची. मी कायदा काढला. त्यात पालक म्हणजे आईबाप तर आहेतच, पण ज्याच्याकडे मुलाचा सांभाळ आणि ताबा आहे तोही पालक आहे. तो कोर्टानं नेमलेलाच हवा असं नाही. हे वाचल्यावर मी माझ्यापुरता विचार करणं सोडून दिलं. गावात अशा आज्या किती? सहा महिने पोरांचं दुखणंखुपणं, शाळा, जेवण सगळं बघणाऱ्या? त्या सगळ्या पालक होत्या, आणि पालकसभेला त्यांना कुणी कधी बोलावलं नव्हतं. मीही नाही. केंद्रप्रमुखांना मी ते कलम नेऊन दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "लिहिलंय खरं."

मग फिरायला सुरुवात केली. जुलै महिना, खुरपणीचे दिवस. दिवसा घरी कुणी बाई सापडत नाही, म्हणून मी रानात गेले. नुसतं बांधावर उभं राहून भाषण कसं करणार, खुरपं घेऊन ओळीत बसले. एका तासात तीन सोयाबीनची रोपं उपटली. बाया हसून लोळल्या. इतक्या वर्षांत त्या माझ्यासमोर हसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

पण हसणं निराळं आणि विश्वास निराळा. एक आजी आहेत, सत्तरीच्या, तीन नातवंडं सांभाळतात. मी त्यांना म्हणाले, तुम्ही समितीवर या, तुमच्या सहीशिवाय पैसा निघणार नाही. त्यांनी खुरपं खाली ठेवलं. म्हणाल्या, "बाई, आंगठा तर तुमीच घ्यायच्या की." सगळ्या ओळीत शांत. मला काही सुचेना. चूक झाली असं म्हणायला तोंड उघडलं तर त्याच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. पण आता काय वाचून दावनार का?" मी म्हणाले, दाखवीन. हा माझा एवढाच जाहीरनामा.

तांड्याबद्दल बोलायलाच हवं. कायदा म्हणतो, वंचित आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा द्या. आमच्या शाळेत तांड्यावरची आणि बौद्धवाडीतली मुलं मिळून जवळजवळ निम्मी. माझ्या वेळच्या समितीत त्यांची दोन नावं होती. सभा अकरा वाजता, तेव्हा तांडा मजुरीला गेलेला. मी वेळ कधी बदलली नाही, आणि "येत नाहीत हो हे लोक" असं मात्र शेरेबुकात लिहिलं. आता तांड्यावर गेले तर लोकांनी बाज टाकली, चहा दिला, आणि कुणी काही बोललं नाही. तीनदा गेले. तिसऱ्यांदा एका तरुण आईनं विचारलं, सभा संध्याकाळी का नसते? मी तसा अर्ज लिहिला, आठ बायांचे अंगठे घेतले. या वेळी प्रत्येकीला वाचून दाखवून. अर्जाचा उपयोग झाला नाही. सभा शनिवारी होती ती आदल्या संध्याकाळी फळ्यावर लिहून बुधवारी आणली. बुधवार आमच्या आठवडी बाजाराचा.

तरी बाया आल्या. बाजाराच्या पिशव्या घेऊनच आल्या, वांगी, मिरच्या, एकीच्या हातात पाय बांधलेली कोंबडी. पटांगणात कडुनिंबाखाली पन्नासेक बाया आणि तीसेक पुरुष. सुरुवातीलाच एक पुढारी उठले, "आपल्या गावाची परंपरा आहे, बिनविरोध करून टाकू." बिनविरोध हा शब्द ऐकायला किती गोड, पण त्यात बायकांनी बोलायचं राहून जातं. मला पुन्हा शिक्षणतज्ज्ञाची जागा देऊ केली, टाळ्याही वाजल्या. सगळ्यांसमोर नाही म्हणणं फार जड गेलं. ज्यांना मी पाढे शिकवले ते बाप होऊन समोर बसलेले. "बाईंना पदाचा मोह सुटला," असं मागून कुणीतरी बोललंच.

तेरा जणांची समिती झाली, मुख्याध्यापक सचिव म्हणून वेगळे. सात बाया, त्यांत आम्ही आज्या चौघी. तांड्यावरची ती तरुण आई आली, बौद्धवाडीतला एक बाप आला. इथपर्यंत आम्ही जिंकलो होतो. मग अध्यक्षपद. माझं नाव पुकारलं. समोरच्यांनी क्षणभर कुजबुज केली आणि नाव पुकारलं ते त्या तांड्यावरच्या आईचं. गरिबाच्या बाईला संधी द्या, निवृत्त लोकांना काय कमी आहे, म्हणाले. तिचा नवरा ज्या मुकादमाच्या टोळीत, तो मुकादम त्यांच्यातलाच. हात वर झाले. तिला सात, मला सहा.

मी हरले त्या मिनिटाला माझ्या मनात काय आलं ते सांगते, कारण घरचीच माणसं आहोत. मनात आलं, या अडाणी बाईला घेऊन आता हे पाहिजे तसा अंगठा उठवतील. अडाणी हाच शब्द आला. पंचवीस वर्षं तुमच्या मासिकाची वर्गणी भरणाऱ्या बाईच्या मनात आला.

आणि सातवा हात कुणाचा होता? खुरपणीतल्या त्या आजींचा. आमच्यातल्याच चौघींपैकी. मी दोन दिवस त्यांच्या दारावरून गेले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच हाक मारली. म्हणाल्या, "रागावू नका. तुमी बसल्या की आमाला वर्गात बसल्यावानी हुतं. आमी बोलणारच न्हाई."

दिवाळी आली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी रात्री नऊच्या सुमाराला ती अध्यक्ष आमच्या दारात. नवरा मोटारसायकल घेऊन वाटेवर थांबलेला, आत आला नाही. पदराखालून तिनं इतिवृत्ताची वही काढली. उद्या पहाटे गाडी निघणार होती. तिला वही घरी पाठवून निरोप दिला होता, सहा ठिकाणी अंगठा दे, सगळं वाचून दाखवल्यासारखंच समज. तिला सही येत होती, बरं का, अंगठ्याची गरज नव्हती, पण कुणी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "बाई, काय लिहिलंय ते वाचा." मी पानं उलटली. नोव्हेंबर ते एप्रिल, सहा बैठकांच्या तारखा वर घातलेल्या. खाली इतरांच्या सह्या. मध्ये काहीच नाही. मी म्हणाले, "काही लिहिलेलं नाही." ती म्हणाली, "नीट बघा." मी पुन्हा बघून तेच सांगितलं.

ती वही आमच्याच घरी ठेवून गेली. पहाटेची गाडी तिनं सोडली. टोळीची गाडी सोडणं म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे. एका दिवसाचा खाडा, मुकादमाच्या शिव्या, नवऱ्यानं काय केलं ते ती कधी बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तिनं समितीची बैठक बोलावली. त्या बैठकीत ठराव झाला की ती नसेल तेव्हा उपाध्यक्ष बैठक चालवतील, आणि उपाध्यक्ष गावात राहणारी असेल. खुरपणीतल्या आजींना उपाध्यक्ष केलं. मला काय काम? ठरावात लिहिलेलं आहे, प्रत्येक बैठकीच्या शेवटी इतिवृत्त मोठ्यानं वाचणं. कोऱ्या पानांवर मुख्याध्यापकांनी तिच्यासमोर तिरप्या रेघा मारल्या. ते काही बोलले नाहीत, पण रेघा सरळ आल्या नाहीत.

मोजणीची पद्धत आजींनी काढली. त्यांना लिहिता येत नाही. संध्याकाळी पंगत बसली की एक मूल, एक चिंचोका, असे पत्र्याच्या डब्यात टाकायचे. मग माझी नात ते मोजून भिंतीवर खडूनं आकडा लिहायची, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. पहिल्या दिवशी यादीत अठ्ठावन्न, डब्यात सदतीस. आठवड्यानं यादी एकोणचाळीसवर आली, कुणीही कुणावर आरोप न करता.

सगळं गोड झालं असं समजू नका. आकडा खरा झाला तसा मंजूर पैसाही घटला. त्यातला हप्ता फेब्रुवारीपर्यंत आलाच नाही, तो आमच्या गावच्या कुणी अडवलेला नव्हता, तो वरूनच. किराणावाल्यानं उधारी बंद केली. स्वयंपाक करणाऱ्या दोघींना दोन महिने मोबदला नाही, आणि त्या आमच्यावरच चिडल्या, "तुमच्या चिंचोक्यांनी आमचं पोट मारलं." त्यांचं चूक नव्हतं. आम्ही बचत गटातून बारा दिवस धान्य घातलं, पुढे जमलं नाही, आणि मार्चमध्ये जेवण एक वेळचंच राहिलं. पोरं मात्र फारशी गेली नाहीत. त्या हंगामात सहावी-सातवीतली एकही पोर फडावर गेली नाही. आदल्या वर्षी गेलेली ती मुलगी काही परत आली नाही. मी तिच्या सासरी दोनदा जाऊन आले. दुसऱ्या वेळी तिच्या कडेवर मूल होतं. गणिताचं पुस्तक नेलं होतं, ते पिशवीतून काढलं नाही.

२०२३ च्या सप्टेंबरात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करायची माहिती सरकारनं मागवली, तेव्हा राज्यभर ओरड झाली. अशा शाळा चौदा-पंधरा हजार. आमच्या तांड्यावरची चौथीपर्यंतची शाळा त्यात येत होती, पट अकरा. पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा हवी, हा नियम आमच्या अध्यक्षाला तोवर माझ्याहून पक्का झाला होता. मध्ये ओढा आहे, पावसाळ्यात पोरी कशा येतील, एवढाच तिचा मुद्दा, पण ग्रामसभेत तो तिनं माइक हातात घेऊन मांडला. मी मागे बसले होते. ठराव झाला. तांड्याची शाळा त्या वर्षी चालू राहिली.

दोन वर्षांची मुदत २०२४ मध्ये संपली. नवी समिती झाली, पुन्हा बुधवारी. त्यात आज्या दोनच आल्या, तांड्यावरचा एक पुरुष आला, ती आली नाही. आताच्या अध्यक्षबाईंचे मालकच बोलतात. चिंचोक्यांचा डबा आहे, भिंतीवरचा आकडा काही दिवस असतो, काही दिवस नसतो. वाचन मात्र ठरावात असल्यामुळे अजून बंद करता आलेलं नाही, त्यामुळे महिन्यातून एकदा मी जाते आणि वाचते. सात-आठ जणी ऐकायला येतात, सदस्य नसलेल्याही.

एक राहिलं. पहिल्या हंगामात आमच्या अध्यक्षानं सांगून ठेवलं होतं, बैठकीच्या संध्याकाळी मला फोन लावा. डिसेंबरची बैठक तिला फोनवरून ऐकवली, मागे ट्रॅक्टरचा आवाज, मध्येच ती "थांबा, मोळी द्यायचीय" म्हणायची. पुढे ते लोक लांब गेले, फोन लागेना. एप्रिलमध्ये परतली त्याच संध्याकाळी, अंगावर प्रवासाची धूळ तशीच, आमच्या ओसरीवर येऊन बसली. म्हणाली, वाचा. राहिलेल्या महिन्यांची सगळी पानं मी वाचत गेले, दोन तास लागले. आजी, जावेची नात, शेजारच्या दोघी, सगळ्या बसल्या होत्या. फेब्रुवारीच्या पानाशी तिनं मला थांबवलं.

"जेवण एक येळचं अन् तेलाचे डबे चार कसे?"

मी ते पान बैठकीत वाचलं होतं, खाली माझी सही होती. मला सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी शाळेत विचारायला गेलो.